डोमेन नावाची निवड (लहान व्यवसायांसाठी)

डोमेन नाव म्हणजे संकेतस्थळाचा, माणसाला वाचता, लक्षात ठेवता आणि तोंडी सांगता येईल असा पत्ता. संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यांनी ओळखतात. ते आकडे आणि ही नावे यांची सांगड घालणारी प्रणाली पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि डॉट कॉममधले पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. नावाचे भाग टिंबाने वेगळे होतात. शेवटचा भाग, म्हणजे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’, आधीपासून ठरलेला असतो. त्याच्या आधीचा भाग व्यावसायिकाने स्वतः निवडायचा असतो. ही नोंद त्या निवडीविषयी आहे आणि तिचा संदर्भ मराठवाड्यातील दुकानदार, आडते, विणकर, बियाणे-विक्रेते आणि घरगुती उद्योग चालवणाऱ्यांचा आहे.

निवडीचे तांत्रिक नियम मोजके आहेत. रोमन लिपीतील नावात अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालते. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी येऊ शकत नाही. दोन टिंबांमधला भाग ६३ चिन्हांपेक्षा मोठा असू शकत नाही. शब्दांत जागा सोडता येत नाही आणि लहान-मोठ्या लिपीने काही फरक पडत नाही. हे नियम कोणी मोडायला गेले तर नोंदणीच होत नाही, त्यामुळे त्यांत सहसा चूक होत नाही. चूक होते ती स्पेलिंगात.

मराठवाड्यात लहान व्यवसायाचे नाव आधी कानावर पडते आणि मग डोळ्यांना दिसते. ते आठवडी बाजारात, लग्नघरी, मोंढ्यातल्या बोलण्यात आणि फोनवर फिरते, आणि ऐकणारा ते मराठीत ऐकून रोमन लिपीत टाइप करतो. या प्रवासात मराठी ध्वनीला रोमन लिपीत ठरलेले एकच रूप नसल्याची अडचण उभी राहते. ‘वैष्णवी’ हे मुलीच्या नावावरून दुकानाला सर्रास दिले जाणारे नाव घेतले, तर पहिल्या ‘व’ला व्ही की डब्ल्यू, ‘ष’ला एसएच की नुसता एस, दुसऱ्या ‘व’ला पुन्हा व्ही की डब्ल्यू आणि शेवटच्या दीर्घ ईला आय की डबल ई, एवढ्या चारच प्रश्नांतून सोळा स्पेलिंगे तयार होतात. व्यवहारात त्यांतली तीन-चारच वापरली जातात, पण गिऱ्हाईक चुकीच्या पत्त्यावर पोहोचायला तेवढी पुरतात. ‘ळ’ला रोमन लिपीत वेगळे अक्षर नाही, ‘ज्ञ’ची तीन-चार रूपे चालतात, आणि नावाच्या शेवटच्या आकाराला एक ए की डबल ए यावर एकाच घरातल्या दोघा भावांचेही एकमत नसते.

यावरची कसोटी साधी आहे. ठरवलेले नाव परगावच्या नातेवाइकाला फोनवर एकदाच, स्पेलिंग न सांगता सांगावे आणि त्याने काय टाइप केले ते मागवून घ्यावे. पाच जणांपैकी दोघांनी ‘डब्ल्यू का?’ असे विचारले, तर ते नाव पुढची वीस वर्षे प्रत्येक फोनवर ‘डब्ल्यू नाही, व्ही, विजयचा व्ही’ असे सांगत बसावे लागेल. आडवी रेघ आणि आकडे याच कारणाने टाळतात: रेघ तोंडी सांगताना ‘मधे एक रेघ आहे’ हे वाक्य जोडावे लागते, आणि ‘चार’ हा आकडा म्हणून लिहायचा की शब्द म्हणून, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ज्या नावाची दोन स्पेलिंगे तितकीच स्वाभाविक आहेत आणि नावही सोडवत नाही, तिथे दोन्ही नोंदवून एकाला दुसऱ्याकडे वळवण्याची सोय करता येते. दुसऱ्या नावाचा वार्षिक खर्च चुकलेल्या गिऱ्हाइकांच्या मानाने किरकोळ ठरतो.

गावाचे नाव डोमेनमध्ये घ्यावे की नाही, हा मराठवाड्यात इतरत्रपेक्षा अधिक नाजूक प्रश्न आहे. गावामुळे मालाची ओळख पटते: वसमतची हळद, बीडचे सीताफळ, जालन्याची मोसंबी, पैठणची पैठणी. परंतु हीच नावे रोमन लिपीत अस्थिर आहेत. वसमत कुठे व्हीने तर कुठे बीने सुरू होते आणि कुठे टीने तर कुठे टीएचने संपते. सेलूचे पहिले स्वर ई किंवा एआय असे दोन्ही दिसतात. अंबाजोगाई ए आणि ई या दोन्हींनी लिहितात. बीडला कुणी डबल ई लावतो, कुणी एकच आय. त्यात जिल्हेही बदलत आले. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे वसमतच्या दुकानाच्या जुन्या बिलबुकावर ‘जि. परभणी’ असे छापलेले सापडते. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव असे अधिकृत नामांतर झाले. दुकानाची पाटी एका दिवसात रंगवून घेता येते, पण डोमेन नाव जसेच्या तसे बदलता येत नाही. नवे घ्यावे लागते, जुने सोडता येत नाही, कारण जुन्या पत्त्याचे दुवे, ईमेल आणि छापील पिशव्या लोकांकडे राहिलेल्या असतात. शिवाय ‘छत्रपती संभाजीनगर’ रोमन लिपीत चोवीस अक्षरांचे होते आणि त्यात व्यवसायाचे नाव अजून यायचेच असते. गाव हीच मालाची खरी ओळख असेल तरच ते नावात घ्यावे आणि एरवी ते पत्त्याच्या ओळीत राहू द्यावे, असा प्रस्तुत लेखकाचा कल आहे. एका जिल्ह्यापुरते घेतलेले नाव, माल पुण्या-हैदराबादला जायला लागल्यावर तोकडे पडते, हेही त्यामागचे एक कारण.

नावात मालाचा शब्द घालून शोधयंत्रात वर येण्याचा आग्रह छपाईवाल्यापासून वेबसाइट करून देणाऱ्यापर्यंत अनेक जण धरतात. केवळ शोधशब्द जसेच्या तसे नावात भरून वर येणाऱ्या निकृष्ट संकेतस्थळांचा हा फायदा गूगलने सप्टेंबर २०१२ मध्ये केलेल्या बदलाने कमी केला. ‘हळद’ हा शब्द नावात असायला हरकत नाही. मात्र पुढे त्याच दुकानात मिरची आणि धणे आले, तर नाव आडवे येते.

‘डॉट कॉम’ की ‘डॉट इन’, या प्रश्नाचे उत्तर गिऱ्हाइकावर अवलंबून आहे. डॉट कॉम लोकांच्या तोंडी इतके बसले आहे की शेवट न सांगितलेला पत्ता बहुतेक जण त्यानेच पूर्ण करतात. म्हणूनच त्यातली सुटसुटीत नावे आधीच गेलेली असतात. डॉट इन हे भारताचे क्षेत्र १९८९ मध्ये अस्तित्वात आले, पण त्यात थेट दुसऱ्या पातळीवरची, म्हणजे मध्ये ‘डॉट को’सारखा भाग नसलेली नावे सर्वांसाठी १६ फेब्रुवारी २००५ पासून खुली झाली. त्याचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. डॉट इनचे सरळ नाव मिळत असेल तर डॉट कॉमसाठी त्याच नावाला शेपूट जोडण्यात अर्थ नाही. त्या नावाच्या डॉट कॉमवर दुसऱ्याच कुणाचे दुकान आहे का, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे. स्वस्तात मिळणाऱ्या नव्या, अनोळखी शेवटांबाबत सावध राहावे: पहिल्या वर्षाची सवलत नूतनीकरणाच्या वेळी राहत नाही, आणि शेवट फोनवर पुन्हा समजावून सांगावा लागतो तो वेगळाच.

देवनागरीत डोमेन नाव घेता येते. ‘डॉट भारत’ हे क्षेत्र २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि मराठी त्यात पहिल्यापासून आहे. व्ही आणि डब्ल्यूचा सगळा झगडा त्यात आपोआप मिटतो, ‘ळ’ला जागा मिळते आणि शेतकऱ्याला जसे ऐकले तसे लिहिता येते. अडचणी मात्र वेगळ्या आहेत. प्रणाली आतून अशा नावाचे ‘एक्सएन’ आणि दोन रेघांनी सुरू होणारे रोमन रूप करते, जे काही ठिकाणी दुवा पाठवल्यावर तसेच दिसते आणि वाचणाऱ्याला ती फसवणूक वाटते. अनुस्वार आणि परसवर्ण (‘पंडित’ आणि ‘पण्डित’) ही संगणकाला दोन वेगळी नावे आहेत. ‘ऱ्य’ तर दिसायला एक असूनही वेगवेगळ्या प्रकारे टंकले जाते. देवनागरी पत्त्यावरचा ईमेल सगळीकडे स्वीकारला जात नाही. सध्या देवनागरी नाव रोमन नावाच्या जोडीला घेणे शहाणपणाचे. एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून व्यापारी ओळख आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या निकालात मान्य केले. दोन्ही नावांतील ‘सिफी’चे स्पेलिंग वेगळे असले तरी उच्चारात ती जवळपास एकच होती, आणि हाच मुद्दा तिथे निर्णायक ठरला. तेव्हा नाव नोंदवण्याआधी ते व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदवहीत पाहावे, आणि नुसते स्पेलिंग न पाहता उच्चार पाहावा. तुळजाभवानी, साईबाबा, बालाजी अशा दैवतांच्या नावांची दुकाने प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात. ती नावे कायदेशीर असली तरी वेगळी ओळख देत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व्यवसायासाठी केंद्र सरकारच्या परवानगीविना वापरण्यास मात्र १९५० च्या बोधचिन्हे व नावे अधिनियमान्वये मनाई आहे, ही गोष्ट हौसेने नाव ठेवणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. पैठणीला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागात, ठरावीक पद्धतीने केलेल्या मालालाच ते नाव लावता येण्याचे संरक्षण) असल्याने यंत्रमागाच्या साड्या विकणाऱ्याने तो शब्द डोमेनमध्ये घेणे वादाला निमंत्रण देणारे आहे.

नाव कितीही चांगले असो, ते कोणाच्या नावावर नोंदले आहे हे अधिक महत्त्वाचे. वेबसाइट करून देणारा तरुण बहुधा स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या फोनवर नोंदणी करतो. मालकाला पावतीही मिळत नाही. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी पुण्याला जातो, फोन नंबर बदलतो आणि नूतनीकरणाची सूचना त्याने कधीच न उघडलेल्या ईमेलमध्ये पडून राहते. म्हणून नोंदणीदार म्हणून मालकाचे किंवा फर्मचे नाव, मालकाचा स्वतःचा ईमेल आणि घरातला कायम राहणारा मोबाइल नंबर द्यावा, आणि नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या खात्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची करता येते. डॉट कॉमसारख्या क्षेत्रांत मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आणि आठवडाभर आधी सूचना द्यावी लागते. मुदत उलटल्यावर कंपनीनुसार काही दिवसांची सवलत मिळते; नाव रद्द झाल्यावरही तीस दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येते, आणि त्यानंतर आणखी पाच दिवसांनी ते कोणालाही घेण्यासाठी मोकळे होते.