जांभळ्या पानातला हिरवा रंग

सोसायटीच्या बागेत जमीन झाकायला लावतात ती जांभळ्या पानांची पर्पल हार्ट घरी आणून सावलीत ठेवली, की नवी पानं हिरवट येतात. मग लोक नर्सरीवाल्याला दोष देतात. त्याची काही चूक नसते.

पान जांभळं म्हणजे त्यात हरितद्रव्य नाही, हा समज चुकीचा आहे. एक पान पाण्यात उकळून बघा. जांभळा रंग पाण्यात उतरतो आणि हातात हिरवं पान उरतं. हरितद्रव्य हरितलवकांच्या, म्हणजे पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणांच्या, पटलांत पक्कं बसलेलं असतं, ते पाण्यात विरघळत नाही. जांभळं रंगद्रव्य, अँथोसायनिन, मात्र रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीतल्या पिशवीतल्या, रसात विरघळलेलं असतं. उष्णतेनं रिक्तिकेचं पटल फाटलं की ते बाहेर येतं.

रोप हा रंग तयार करतं तरी कशासाठी? भर उन्हात हरितद्रव्य जेवढा प्रकाश शोषतं, तेवढा सगळा वापरला जात नाही. उरलेली ऊर्जा ऑक्सिजनला मिळाली, तर त्याची अतिक्रियाशील रूपं तयार होतात आणि प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच मोडू लागते. अँथोसायनिन प्रामुख्यानं ५०० ते ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरवा प्रकाश अडवतं. तोच का? निळा आणि तांबडा प्रकाश पानाच्या वरच्या थरांतच बराचसा टिपला जातो. हिरवा कमी शोषला जात असल्यानं खोलवर पोचतो, आणि तिथल्या हरितलवकांना प्रखर उजेड सोसत नाही. जांभळ्या पानांचं हे सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. सावलीत हा धोकाच नसतो, म्हणून रोप अँथोसायनिन कमी बनवतं.

जांभळी पानं दारात लावली की पैसा येतो, असं वास्तूच्या नावाखाली सांगितलं जातं. त्याला काही आधार नाही. पानांचा रंग उन्हानं ठरतो, शुभाशुभानं नाही.

पर्पल हार्ट मूळची मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्याकडची, आपल्याकडच्या केना या तणाच्याच कुळातली. शास्त्रीय नाव ट्रॅडेस्कान्शिया पॅलिडा. केन्यासारखीच ती पेरांवर मुळं धरते. दोन-तीन पेरांचा तुकडा मातीत खोचला की पुरे, पण चार-पाच तास थेट ऊन हवं. पाणी साचू देऊ नका, खोड कुजतं. नत्राचं खत जपून द्या, नाहीतर हिरवेपणा वाढतो. लांबलेल्या फांद्यांचे शेंडे खुडले, की बाजूनं फुटवे येऊन जमीन भरते. खुडताना हातमोजे घाला. रसानं काहींच्या त्वचेला खाज सुटते.