लिफ्टने वर जा, पायऱ्यांनी खाली या

व्यायामाचा कंटाळा आला की इंटरनेट मदतीला धावून येतं. उलटं चाला, ट्रॅम्पोलिनवर उड्या मारा, कमरेभोवती हूप फिरवा, अस्वलासारखं हातापायांवर रांगा. यातलं बरंचसं खरोखर मजेचं आहे आणि जरूर करावं. पण त्याला जे शास्त्र चिकटवलेलं असतं, ते वाचवत नाही. ‘मसल कन्फ्युजन’ हा त्यातला लाडका शब्द. रोज नवा प्रकार केला की स्नायू म्हणे गोंधळतात आणि त्या गोंधळात वाढतात! गोंधळायला डोकं लागतं. स्नायूला कळतं ते एवढंच: ताण किती पडला, किती वेळ पडला आणि ताण पडत असताना तो आखडत होता की लांबत होता.

यातला शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. रोज पळणारा धडधाकट माणूस एखाद्या दिवशी डोंगर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला खुर्चीतून उठवत नाही, याचं मूळ तिथेच आहे. माझा सगळ्यात आवडता विचित्र व्यायामही, म्हणजे फक्त खाली उतरण्याचा, त्यावरच उभा आहे.

जिना चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू जोर लावत असतो, पण लांबत असतो, कारण आपण धाडकन खाली जाऊ नये म्हणून तो ब्रेकचं काम करतो. पहिल्या प्रकाराला कॉन्सेंट्रिक आणि दुसऱ्याला एक्सेंट्रिक म्हणतात. डंबेल उचलणं पहिल्यात मोडतं, सावकाश खाली आणणं दुसऱ्यात.

दोन्हींच्या खर्चात किती तफावत आहे, हे 1952 साली ॲबट, ब्रेंडा बिगलँड आणि रिची या तीन संशोधकांनी फार गमतीदार रीतीने दाखवलं. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखं पेडल मारायचं, दुसऱ्याने उलटी फिरणारी आपली पेडलं रोखायचा प्रयत्न करायचा. साखळी एकच, त्यामुळे जोर सारखा आणि वेगही सारखा. तरी पेडल मारणाऱ्याला रोखणाऱ्याच्या दुपटीहून जास्त प्राणवायू लागला, आणि वेग वाढवला तशी ही तफावत वाढतच गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग करून दाखवला तेव्हा एका लहानखुऱ्या बाईंनी नुसतं रोखून धरून एका धिप्पाड पुरुषाला दमवलं, आणि जमलेल्या शास्त्रज्ञांची चांगलीच करमणूक झाली.

असं का होतं? स्नायूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. मायोसिनची इवली डोकी ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. पकड सोडवायला दर वेळी एटीपीचा एक रेणू लागतो; स्नायूचं इंधन खर्च होतं ते इथे. लांबणाऱ्या स्नायूत मात्र बाहेरचा भार धाग्यांना मागे खेचत असतो, त्यामुळे बरीच डोकी फेरा पुरा व्हायच्या आधीच ओढली जाऊन सुटतात. फुकटात सुटतात आणि लगेच पुन्हा पकडतात. इंधन कमी जळतं, जोर मात्र वाढतो. प्रयोगशाळेत सुटा स्नायू ताणत नेला, तर स्थिर असताना लागणाऱ्या जोराच्या दीडपटीहून अधिक जोर तो देऊ शकतो.

तरीही हिशेब पुरा होत नव्हता. 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी धागे एकमेकांवरून सरकण्याचा सिद्धांत मांडला. त्याने आखडणं छान उलगडलं, लांबणं तितकंसं नाही. बरीच वर्षं नजरेआड राहिलेला तिसरा भिडू म्हणजे टायटिन. आपल्या शरीरातलं हे सर्वांत मोठं प्रथिन. त्याच्या लांबलचक प्रकारांत 30,000हून अधिक अमिनो आम्लं असतात. ते स्नायूच्या सूक्ष्म एककात, म्हणजे सार्कोमिअरमध्ये, स्प्रिंगसारखं बसलेलं असतं. स्नायूला आज्ञा मिळून आत कॅल्शियम सुटलं की ही स्प्रिंग आणखी ताठ होते. ताणाचा मोठा वाटा ती उचलते, तोही जवळजवळ बिनखर्चाने.

किंमत मोजावी लागते ती दुसऱ्या दिवशी. कमी डोक्यांवर जास्त भार आल्याने काही कमजोर सार्कोमिअर प्रमाणाबाहेर ताणले जातात, बारीक इजा होते, सूज येते. दुखणं साधारण 24 ते 72 तासांत कळसाला पोचतं. याचं खापर अजूनही लॅक्टिक ॲसिडवर फोडलं जातं, पण ते तर व्यायाम संपल्यावर तासाभरात बहुतांशी निघून गेलेलं असतं. शिवाय उतारावर पळताना ते सपाटीपेक्षा कमी तयार होतं आणि अंग मात्र जास्त दुखतं.

एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तोच व्यायाम फारसा दुखवत नाही. स्नायू गोंधळत नाही, उलट शहाणा होतो!

उतरण्याचा फायदा तपासलेलाही आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूल, वयस्कर 30 महिलांपैकी निम्म्यांनी 12 आठवडे फक्त जिने चढले, निम्म्यांनी फक्त उतरले. मांड्यांची ताकद आणि हाडांची घनता उतरणाऱ्यांची जास्त सुधारली. ऑस्ट्रियात लोकांना केबल कारने वर नेऊन डोंगर चालत उतरायला लावलं, तेव्हा त्यांच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता सुधारली. दम वाढवायचा असेल तर अर्थात चढायलाच हवं.

उलटं चालताना गणित फिरतं. पाऊल चवड्यावर आधी टेकतं, धक्का पोटरी झेलते आणि मांडीचं ब्रेकचं काम कमी होतं. मोकळी, सपाट जागा मात्र हवी. ट्रॅम्पोलिनबद्दल ‘नासाने सिद्ध केलंय’ अशी जाहिरात दिसली की समजावं, 1980 सालचा एक शोधनिबंध ताणून ताणून विकला जातोय. त्यात आठ तरुणांच्या शरीरावर उड्या मारताना आणि पळताना पडणारे भार मोजले होते. उड्यांनी शरीरातली ‘विषद्रव्यं’ बाहेर पडतात, असं त्यात काहीही नाही. त्या कामाला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, आणि ती बसल्या जागीही काम करतात.

उतरून पाहायचं असेल तर पहिल्या दिवशी दोन-तीन मजलेच उतरा, कठड्याला हात ठेवून, पाऊल न आपटता सावकाश. गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग चार-पाच दिवस थांबा आणि मजले वाढवा. पुढच्या दुखण्यापासून स्नायूला वाचवायला पहिला हलका डोसही बराचसा पुरतो.