पाठीतलं पाणी आणि घराण्यातला कंपवात : तपासणीची पार्श्वभूमी

नाशिकच्या रुग्णालयात ‘पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढावं लागेल’ असं डॉक्टरांनी म्हटलं, की घरच्यांना आधी मेंदूचा टीबी आठवतो आणि मग लकव्याची धास्ती वाटते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधल्या फटीत घालतात. त्यामुळे लकव्याची भीती बाळगायचं कारण नाही. जर्मन डॉक्टर क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली. कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सनसाठी, हे पाणी तपासण्याला नेमकी दिशा मिळाली ती १९९७ मध्ये.

त्या वर्षी इटली आणि ग्रीसमधल्या, पिढ्यान्‌पिढ्या कंपवात चालत आलेल्या कुटुंबांत एसएनसीए जनुकातला दोष सापडला. हे जनुक अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन बनवतं. मेंदूतज्ज्ञ लेवी यांनी १९१२ मध्ये रुग्णांच्या मेंदूत पाहिलेल्या गाठी याच प्रथिनाच्या असल्याचंही त्याच वर्षी कळलं. मग ते पाठीतल्या पाण्यात मोजायला सुरुवात झाली.

तिथेच गाडं अडलं. रुग्णांत ते सरासरीने थोडं कमी भरे, पण निरोगी माणसांचे आकडे त्यात इतके मिसळत, की एकेका माणसाबद्दल काही सांगता येईना. त्यात नमुन्याचे घोटाळे. रक्तातलं बहुतेक अल्फा-सायन्युक्लिन तांबड्या पेशींत असतं; सुईने बारीक शीर दुखावली तरी आकडा फुगतो, म्हणून सुरुवातीचे १-२ मिली वेगळे काढतात. काचेला हे प्रथिन चिकटतं आणि आकडा घसरतो, म्हणून नळ्या पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या. यंत्रात वेगाने फिरवून (सेंट्रिफ्यूज करून), छोटे भाग पाडून उणे ८० अंशांवर गोठवायचं. वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही. नाशिकहून मुंबईला नमुना पाठवायचा, तर कसारा घाट उतरून प्रयोगशाळा गाठेपर्यंत कोरडा बर्फ टिकला पाहिजे.

कोंडी फुटली ती प्रथिन किती आहे हे सोडून ते बिघडलंय का, हे पाहिल्यावर. २०१६ पासून पुढे आलेल्या पद्धतीत नमुन्यात प्रयोगशाळेत बनवलेलं शुद्ध प्रथिन घालून ते गरम ठेवतात आणि मधूनमधून हलवतात. नमुन्यात बिघडलेलं बीज असेल, तर दुधात विरजण पडावं तसं चांगलं प्रथिनही बिघडत जातं आणि थायोफ्लेविन नावाचा रंग चमकू लागतो.

२०२३ मध्ये १,१२३ जणांच्या अभ्यासात ही तपासणी जीबीए या जनुकात दोष असलेल्या सुमारे ९६ टक्के रुग्णांत पॉझिटिव्ह आली, एलआरआरके-२ या जनुकात दोष असलेल्या रुग्णांत मात्र जेमतेम ६७ टक्के. हे दोष असूनही लक्षणं नसलेल्या वाहकांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होतं.

आपल्याकडे हा फरक फार महत्त्वाचा आहे. एलआरआरके-२ चा पाश्चात्त्य देशांत नेहमी आढळणारा दोष भारतात विरळा. मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत चाळिशीच्या आत कंपवात दिसला, तर पार्किन किंवा पिंक-१ या जनुकांतल्या दोषाचा विचार करावा लागतो. त्यात आई-वडील दोघांकडूनही दोष यावा लागतो. पार्किन-दोषाच्या रुग्णांत लेवींनी पाहिलेल्या गाठी बहुधा नसतातच, मग बीज तरी कुठून सापडणार? अशा घरात आधी समुपदेशन घेऊन रक्तावरून जनुक-तपासणी करावी, आणि पाठीतलं पाणी निगेटिव्ह आलं म्हणून कंपवात नाही असं धरून चालू नये.