समुद्र हटला म्हणजे पातळी उतरली असे नव्हे

त्रिभुज प्रदेशांच्या प्राचीन गाळाविषयी लिहिताना एक अनुमान इतक्या सहजपणे काढले जाते की त्याला आता नियमाचेच रूप आले आहे: खाली चिखल आणि वर वाळू दिसली, म्हणजे तेथे समुद्रपातळी उतरली. खालून वर भरड होत जाणारे थर खरोखर एवढेच सांगतात की किनारा समुद्राच्या दिशेने सरकला. तो कशामुळे सरकला, हे त्यांवरून कळत नाही.

शेजारीशेजारी साचणारे गाळ किनारा सरकला की एकावर एक येतात, हे योहानेस वाल्थर यांनी १८९४ मध्ये मांडलेले तत्त्व वाचकांना ठाऊक असेलच. वाळू नदीच्या मुखाशी साचली की लाटांनी किनाऱ्यावर रचली, हा भेद तरंगखुणांवरून आणि प्राण्यांच्या बिळांवरून बहुधा उलगडतो. तो येथे बाजूला ठेवतो.

खरा गोंधळ कारणाविषयी आहे. नदी समुद्रातली जागा भरण्याइतका किंवा त्याहून अधिक गाळ आणत असेल, तर पातळी स्थिर असताना, इतकेच नव्हे तर संथपणे चढत असतानाही किनारा पुढे जातो. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर हे आजही पाहता येते. तेथे १९४० च्या दशकात खोदलेल्या वॅक्स लेक कालव्याच्या मुखाशी साचत गेलेला त्रिभुज प्रदेश १९७३ च्या महापुरानंतर पाण्याबाहेर आला आणि तेव्हापासून वाढतो आहे. त्याच राज्याच्या किनारपट्टीने मात्र १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली. समुद्र एकच आहे आणि जमीनही दोन्हीकडे खचते आहे. फरक गाळ कोठे पोहोचतो याचा आहे. उद्या या दोन ठिकाणचे थर कोणी वेगवेगळे वाचले, तर एकाला पातळी उतरल्याचा आणि दुसऱ्याला चढल्याचा पुरावा मानले जाईल, आणि पहिले वाचन सपशेल चुकलेले असेल.

पाणी खरोखर उतरते तेव्हा गाळ कमी असला तरी किनाऱ्याला पुढे जावेच लागते. म्हणून समुद्राच्या अशा हटण्याला सक्तीची माघार म्हणतात. येथेही पातळी सापेक्ष, म्हणजे जमिनीच्या तुलनेतली, असते. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील बॉथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात हिमयुगातील हिमस्तराच्या ओझ्यातून सुटलेली जमीन वर्षाला सुमारे ८ ते ९ मिलिमीटर वर येते, त्यामुळे जगभर समुद्र चढत असतानाही तेथे तो माघारच घेतो.

हे दोन प्रकार खडकात ओळखायचे असतील, तर वाळूच्या थराचा तळ आणि माथा पाहावा. मधल्या भागावर वेळ घालवू नये, असे माझे ठाम मत आहे. गाळाच्या भरणीने किनारा सरकला असेल, तर तळाशी चिखलात आधी वाळूच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या येतात, त्या वर जाताना जाड आणि दाट होतात, आणि चिखल नेमका कोठे संपला हे बोट ठेवून सांगता येत नाही. माथ्यावर किनारी मैदानाचे थर असतात: मुळांच्या खुणा, दलदलीचा गाळ, क्वचित कोळसा. अमेरिकेच्या युटा राज्यातील बुक क्लिफ्स या कड्यांमध्ये ब्लॅकहॉक शैलसमूहात किनाऱ्याचे वालुकाश्म आणि कोळशाचे थर असेच जोडीने आढळतात. सक्तीच्या माघारीत लाटा जेथवर समुद्राचा तळ घासतात ती पातळी खाली येते आणि आधी साचलेला चिखल खरवडला जातो. त्यामुळे उथळ पाण्यातील वाळू मधले थर वगळून थेट खोल पाण्यातील चिखलावर बसते आणि त्यांच्यामधली रेघ सुरीने कापल्यासारखी दिसते. माथ्यावर किनारी मैदान बहुधा नसतेच, कारण ते रचायला उंचीची जागाच उरलेली नसते.

तरीही एकाच कड्यावरील तीक्ष्ण तळ पाहून निर्णय देऊ नये. नदीचा एखादा फाटा आपल्याच मुखाजवळील गाळात पात्र कोरतो तेव्हाही अगदी तशीच रेघ उमटते. पात्राची रेघ थोड्या अंतरावर वर वळून संपते, तर लाटांनी खरवडलेला पृष्ठभाग किनाऱ्याला समांतर दूरवर जातो. म्हणून ती रेघ शेजारच्या कड्यांवरही शोधल्याखेरीज ‘पातळी उतरली’ हे शब्द लिहू नयेत.