टोपी कुणाची? व्हिक्टोरियन खुनाचा तपास आणि इंग्रजी व्याकरणाचा तास

शनिवार, ९ जुलै १८६४. नॉर्थ लंडन रेल्वेची रात्रीची गाडी हॅकनी स्टेशनात थांबली आणि पहिल्या वर्गाच्या रिकाम्या डब्यात दोन बँक-कारकून चढले. हाताला ओलं लागलं, ते रक्त होतं. डब्यात एक बॅग, एक काठी आणि एक काळी टोपी. थोड्याच वेळात थॉमस ब्रिग्ज हे ६९ वर्षांचे बँक कर्मचारी रुळांवर बेशुद्ध सापडले आणि दुसऱ्या दिवशी रात्री गेले. बॅग आणि काठी त्यांची होती, टोपी नव्हती; त्यांची स्वतःची टोपी गायब होती. ब्रिटनमधल्या आगगाडीतला हा पहिला खून.

त्या टोपीवरून पोलिसांनी जो निष्कर्ष काढला, तो इंग्रजीत एकाच क्रियापदरूपात बसतो: ‘ही मस्ट हॅव टेकन द राँग हॅट.’ पाहिलं कुणीच नाही, पण दुसरं काही संभवत नाही. असली वाक्यं फळ्यावर समजावणं कठीण असतं. टोपी समोर ठेवली की ती आपोआप तयार होतात.

गुन्हा आणि व्याकरण यांची सांगड तशी जुनी आहे. लिंडली मरे याचं इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये यॉर्कला छापलं गेलं आणि पुढची पन्नासेक वर्षं इंग्रजी शाळांवर त्याचंच राज्य होतं. मरे मूळचा न्यूयॉर्कचा वकील. दोन वर्षांनी आलेल्या त्याच्या अभ्यासपुस्तकात मुद्दाम चुकीची वाक्यं दिलेली होती. विद्यार्थ्याने चूक पकडायची आणि कोणता नियम मोडला ते सांगायचं. थोडक्यात, वाक्य आरोपी आणि विद्यार्थी फौजदार. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोरही मरेचाच आराखडा होता. आपल्याकडच्या ‘चुका दुरुस्त करा’ आणि ‘प्रयोग बदला’ या प्रश्नांचं कूळ तिथवर जातं. या पद्धतीची उणीव एवढीच की वाक्याला प्रसंग नसतो. कर्मणीचं कर्तरी करता येतं, पण कर्मणी वापरायचा कशाला, ते कळत नाही.

प्रसंग आला तो १९७० नंतर, संवादावर भर देणाऱ्या अध्यापनाबरोबर. तेव्हाचा ‘अ‍ॅलिबाय’ हा खेळ आजही चालतो: दोन ‘संशयित’ वर्गाबाहेर जाऊन एकच हकिगत जुळवतात, मग त्यांना वेगवेगळं बोलावून वर्ग उलटतपासणी घेतो. त्यात चालू भूतकाळ आणि प्रश्नरचना घासून निघते. पुढची पायरी भारतातली आहे. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर-मद्रासच्या शाळांत व्याकरण थेट न शिकवता कृतींमधून इंग्रजी शिकवून पाहिलं आणि कृतींचे तीन प्रकार केले: माहितीतली तफावत (एकाला ठाऊक ते दुसऱ्याला सांगणं), तर्कातली तफावत (दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणं), मतांतली तफावत (स्वतःचं मत मांडणं). गुन्ह्याचा तपास हा यातल्या दुसऱ्या प्रकाराचा नमुना म्हणावा इतका चपखल आहे. पुढे २००३ पासून लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे छापील वृत्तांत इंटरनेटवर खुले होऊ लागले आणि शिक्षकाला खऱ्या जबान्या फुकटात मिळाल्या.

या वृत्तांतांत एक खुबी आहे. वकिलांचे प्रश्न बहुतेक गाळलेले असतात. साक्षीदाराची उत्तरं सलग निवेदनासारखी छापलेली असतात. चीपसाइडचा सराफ जॉन डेथ याच्या दुकानात ११ जुलैला ब्रिग्ज यांची चोरीला गेलेली घड्याळाची साखळी बदलून नेली गेली. त्याच्या जबानीतली सहा-सात वाक्यं द्यावीत आणि गाळलेले प्रश्न लिहून काढायला सांगावेत. आपल्या मुलांचं ‘व्हेअर यू वेन्ट?’ इथे उघडं पडतं, कारण मराठीत प्रश्न करायला ‘डिड’सारखं काही लागत नाही.

चाळीस मिनिटांच्या तासाला आठ ते दहा पुरावा-चिठ्ठ्या पुरतात, प्रत्येकी दोन ओळींच्या. पाच-पाचांचे गट करावेत आणि चिठ्ठ्या गटात वाटून द्याव्यात. दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची नाही, ऐकायची. नवे शब्द सात-आठच्या वर गेले की तास शब्दार्थांत बुडतो. चर्चा मराठीत झाली तरी बिघडत नाही, अहवाल मात्र इंग्रजीत हवा. गुन्हेगाराचं नाव पहिल्या चिठ्ठ्यांत आलं की मुलं मोबाइलवर शोधून मोकळी होतात, म्हणून ते शेवटी. १८८८ चे लंडनच्या व्हाइटचॅपलमधले ‘जॅक द रिपर’चे खून अनेकांना भुरळ घालतात, पण वर्गासाठी ते वाईटच: उकल नाही आणि रक्तपातापुढे व्याकरण कुणाला आठवणार?

मराठी मुलं अडतात ती ठरावीक जागी. ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ असं घोकलेलं असतं. त्यामुळे ‘ही मस्ट हॅव टेकन’ याचा अर्थ ‘त्याने न्यायला पाहिजे होती’ असा लावला जातो आणि खुनी निर्दोष सुटतो. उपाय मराठीतच आहे: ‘नेली असणार’ म्हणजे मस्ट हॅव, ‘नेली असेल’ म्हणजे माइट हॅव, ‘नेली असणं शक्यच नाही’ म्हणजे कान्ट हॅव. प्रत्येक चिठ्ठीसमोर आधी यातलं एक लिहून घ्यावं, मग इंग्रजीकडे वळावं.

दुसरी अडचण ‘हॅड’ची. ‘मी काल गेलो होतो’ वरून ‘आय हॅड गॉन येस्टरडे’ येतं. इथे या खटल्यासारखं उदाहरण दुसरं नाही. संशयित फ्रान्झ म्युलर, धंद्याने जर्मन शिंपी, ‘व्हिक्टोरिया’ या शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्कला निघाला. इन्स्पेक्टर टॅनर त्याच्यानंतर पाच दिवसांनी निघाला, पण आगबोटीने, आणि सुमारे तीन आठवडे आधी पोहोचला. ‘व्हेन टॅनर रीच्ड न्यूयॉर्क, म्युलर हॅड नॉट अराइव्ह्ड.’ आधी कोण निघालं आणि आधी कोण पोहोचलं, हे उलटंसुलटं असल्यामुळे ‘हॅड’शिवाय हकिगत सांगताच येत नाही. आगबोटीची चिठ्ठी सर्वांत शेवटी उघडावी.

म्युलरच्या पेटीत ब्रिग्ज यांचं घड्याळ आणि टोपी सापडली. टोपी उंचीला कापून पुन्हा शिवलेली होती: ‘द हॅट हॅड बीन कट डाउन.’ कुणी, ते अजून ठरायचं असतं, म्हणून कर्मणी. वर्तमानपत्री मराठीतलं ‘कापण्यात आली होती’ हे त्याच जातीचं.

त्या काळच्या कायद्यानुसार आरोपीला स्वतःची शपथेवर साक्ष देता येत नसे. ती मुभा १८९८ च्या कायद्याने सर्रास मिळाली. म्हणून वृत्तांतात म्युलरचं बोलणं भेटतं ते दुसऱ्यांच्या तोंडून. इथे मुलं ‘ही सेड दॅट आय अ‍ॅम इनोसन्ट’ लिहितात, कारण मराठीत ‘तो म्हणाला की मी निर्दोष आहे’ हे बिनचूक असतं. इंग्रजीत मात्र सांगणारा पोलीसच निर्दोष ठरतो.

१४ नोव्हेंबर १८६४ रोजी न्यूगेट तुरुंगाबाहेर म्युलरला जाहीर फाशी दिली गेली. अखेरच्या क्षणी तो जर्मनमध्ये ‘इश हाबे एस गेटान’ म्हणाला, असं सोबतच्या पाद्र्याने सांगितलं. शब्दशः इंग्रजी करायचं तर ‘आय हॅव डन इट’. पण बोलीजर्मनमध्ये ते रूप साध्या भूतकाळासाठी सर्रास वापरतात, तेव्हा ‘आय डिड इट’ हेच रास्त. कोणतं लिहाल आणि का, हा त्या तासाचा गृहपाठ.