डाग कापून उरलेलं फळ खायचं का?

आमच्याकडून फळं घेणाऱ्यांचा नेहमीचा मेसेज: "एवढासाच डाग आहे, कापून टाकला तर चालेल ना?" सफरचंदाला नुसता मार लागलाय, साल फाटली नाहीये, तर तेवढं काढा आणि बिनधास्त खा. पण टोमॅटो, पपई, पीच असं मऊ फळ असेल, बोट लावलं की चिकट पाणी सुटत असेल, तर आख्खं फेका, कारण बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच आत गेलेले असतात आणि काही बुरश्या फळाचा आंबटपणाच कमी करतात, मग एरवी तिथे न टिकणाऱ्या बॅक्टेरियांचं फावतं.

त्यातले काही औषधांना दाद न देणारे असू शकतात. सांडपाणी, कच्चं शेणखत, न धुतलेले हात, कुठूनही येतात. सडक्या ओल्या भागात ते दाटीवाटीने राहतात आणि प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा तुकडा एकमेकांना देतात, परीक्षेत कॉपीची चिठ्ठी सरकवावी तसा, अँटिबायोटिकला चुकवायची युक्ती बऱ्याचदा त्या तुकड्यावरच असते. औषधांना दाद न देणाऱ्या बुरश्याही असतात, 2022 साली भारतातल्या एका अभ्यासात साठवणुकीतल्या काही सफरचंदांच्या सालीवर कँडिडा ऑरिस नावाची बुरशी सापडली, जी बऱ्याच अँटिफंगल (बुरशीवरच्या) औषधांना जुमानत नाही.

पण रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणारा जंतू, धुतलं तरी जात नाही, असं अजिबात नाही हं. साबणाने हात धुतले की हे जंतूही जातात, 70 अंशाला नीट शिजवलं की हेही मरतात, गोची होते ती आजारी पडल्यावर, जेव्हा गोळी लागूच पडत नाही. सडक्या सफरचंदाचा जॅम मात्र करू नका, बुरशीचं पॅट्युलिन नावाचं विष उकळूनही बरंचसं उरतं.

आमचीच एक चूक सांगतो. पॅकिंगच्या टेबलावर सडकं फळ कापून बघायचो आणि त्याच चाकूने पुढचं चांगलं फळ! आता लाल मुठीचा चाकू फक्त खराब मालाला. घरीही चाकू आणि पाट धुऊनच पुढचं फळ घ्या. फळ खायच्या आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साबण नको, आणि धुऊन ठेवून देऊ नका, ओलीने लवकर सडतं. कापलेलं 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये, 5 अंशांच्या खाली.

पोट बिघडलंच तर ड्रॉवरमधल्या जुन्या अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेऊ नका, डॉक्टरला विचारा. आणि खराब फळ फेकायच्या आधी एक फोटो तेवढा पाठवा, पुढच्या बॉक्समध्ये बदलून देतो.