कुटुंबाचे घर भाड्याने देताना : पात्रता, कागदपत्रे आणि लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी

आईवडिलांच्या पश्चात बंद राहिलेली सदनिका भाड्याने द्यावी की नाही, याची चर्चा बहुतेक घरांत भाडे किती येईल या प्रश्नापासून सुरू होते. खरे तर करारावर सही करण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे आधी ठरले पाहिजे. भाड्याची रक्कम पुढच्या करारात बदलता येते. पण हिस्सेदारांपैकी एकालाच मालक दाखवून केलेला करार घर परत मागण्याच्या वेळी नेमका अडचणीचा ठरतो.

करार कोण करू शकतो

ज्याच्या नावावर घर आहे तो मालक हयात असेल, तर प्रश्न उरत नाही. मालक हयात नसल्यास सोसायटीच्या नोंदीत नामनिर्देशित असलेली व्यक्ती आपोआप मालक होत नाही, हे लक्षात घ्यावे. नामनिर्देशनामुळे सोसायटीला व्यवहारासाठी एक नाव मिळते. मालकी मात्र मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. म्हणून भागधारणा प्रमाणपत्रावर थोरल्या भावाचे नाव चढले असले, तरी बहिणींचा हिस्सा कायम असेल तर त्यांनाही करारात पक्षकार करावे, किंवा त्यांनी एका भावंडाला आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) द्यावे. बाकीच्यांनी आपला हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने एकाच्या नावे केला असेल, तर त्या एकाची सही पुरते. वारसांमध्ये वाद चालू असेल, तर तो मिटेपर्यंत घर भाड्याने देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. घर रिकामे राहिल्याने बुडणारे भाडे आणि वादात तिसऱ्या माणसाचा ताबा शिरल्याने होणारी गुंतागुंत यांची तुलनाच होऊ शकत नाही.

हिस्सेदार परदेशात असेल, तर त्याने तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र करून पाठवावे. असा दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि ही मुदत अनेकदा नजरेआड होते. घरावर गृहकर्ज चालू असल्यास कर्जाच्या करारातील अट पाहून बँकेची लेखी संमती घ्यावी.

अकरा महिन्यांचा गैरसमज

करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत केंद्रीय नोंदणी कायद्यातून आली आहे. त्या कायद्यानुसार एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सहसा नोंदणीची सक्ती नसते. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ लागू आहे. त्यानुसार करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्यवहारात त्याहून जाचक असा परिणाम वेगळाच आहे : नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उद्भवला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत जागेत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. स्टॅम्प पेपरवर मजकूर छापून नोटरीचा शिक्का घेतल्याने हा धोका टळत नाही.

दस्त ‘भाडेपट्टा’ म्हणून न करता ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणून करण्याचे कारणही याच कायद्यात आहे. भाडेपट्ट्याने भाडेकरूला हक्क मिळतात. लायसन्सने फक्त ठरावीक मुदतीसाठी वापराची परवानगी मिळते. निवासासाठी दिलेल्या जागेची मुदत संपूनही ती रिकामी केली नाही, तर कलम २४ अन्वये मालक दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या ताब्यासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत जागेत राहणाऱ्याने बचावाची परवानगी मागितली नाही, तर अर्जातील कथन त्याने मान्य केले असे समजून ताब्याचा आदेश दिला जातो. मूळ मालकाचे निधन झाले, तरी त्याच्या वारसाला हा मार्ग खुला राहतो.

शुल्काचा हिशेब

लिव्ह अँड लायसन्सची मुदत साठ महिन्यांपर्यंत असेल, तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत करावयाच्या अनामत रकमेवर दरसाल १० टक्क्यांनी काढलेले व्याज या तिन्हींच्या बेरजेवर मोजतात. समजा, दरमहा १९,००० रुपये भाडे, १,२०,००० रुपये अनामत आणि २४ महिने मुदत आहे. भाड्याचे ४,५६,००० आणि अनामत रकमेवरील दोन वर्षांचे व्याज २४,००० मिळून ४,८०,००० रुपये होतात. त्यावर शुल्क येते १,२०० रुपये. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. दस्त हाताळणी शुल्क आणि अधिकृत सेवा पुरवठादाराची मदत घेतल्यास त्याचा मोबदला वेगळा. हा सर्व खर्च कोणी करायचा, हे पक्षकारांनी आपसांत ठरवावे. बहुतेक ठिकाणी तो निम्मा-निम्मा वाटला जातो.

कागदपत्रे आणि ऑनलाइन नोंदणी

मालकी दाखवण्यासाठी खरेदीखताची सूची क्रमांक दोन (‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणीकृत दस्ताच्या तपशिलाचा उतारा), मिळकतकराची पावती किंवा वीजबिल हाताशी ठेवावे. सर्व पक्षकारांचे आधार व पॅन, दोन साक्षीदारांचे आधार, आणि कुलमुखत्यारामार्फत सही होणार असल्यास त्या दस्ताची प्रत लागते. आधारवरील नाव आणि मालकीच्या कागदावरील नाव जुळते का, हे आधीच तपासावे. विवाहानंतर बदललेल्या नावांमुळे बरेच दस्त इथेच अडकतात.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-नोंदणी सुविधेत जिल्हा निवडून मिळकतीचा तपशील, पक्षकार, मुदत, भाडे आणि अटी भराव्यात. त्यावरून करारनाम्याचा मसुदा तयार होतो. तो सर्वांनी शांतपणे वाचूनच पुढे जावे. शुल्क ‘ग्रास’ या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून भरता येते. त्यानंतर प्रत्येक पक्षकाराचे आणि साक्षीदाराचे छायाचित्र वेबकॅमेऱ्यावर व अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेऊन आधारशी पडताळला जातो. दस्त सादर झाल्यावर दुय्यम निबंधक तो तपासून मंजूर करतात किंवा त्रुटी दाखवून परत पाठवतात. मंजुरीनंतर डिजिटल स्वाक्षरी असलेली प्रत उतरवून घेता येते.

सोसायटी, पोलीस आणि कर

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. मात्र सोसायटीला आगाऊ कळवून कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, आणि घरात मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांसारखे जवळचे नातलग राहत असतील तर ते आकारताच येत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइनही देता येते. जेथे पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू आहे, तेथे ती टाळल्यास आदेशाचा भंग केल्याबद्दल मालकावर कारवाई होऊ शकते.

मिळकतकराचा भाग शहरागणिक बदलतो. पुणे महापालिका हद्दीत मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत घर भाड्याने दिल्यावर राहत नाही, तेव्हा भाडे ठरवताना हा फरक धरावा. आयकरासाठी वर्षाच्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर देखभालीपोटी ३० टक्के सरसकट वजावट मिळते. तेवढा खर्च झाल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. हिस्से निश्चित असतील, तर प्रत्येक हिस्सेदार आपल्या वाट्याचे उत्पन्न आपापल्या विवरणपत्रात दाखवतो. त्यामुळे भाडे एकाच भावाच्या खात्यात जमा होत असले, तरी त्याची वाटणी बँकेमार्फत व्हावी आणि तिची लेखी नोंद असावी. मालक अनिवासी भारतीय असल्यास भाडे कितीही कमी असो, भाडेकरूने करकपात करूनच रक्कम द्यायची असते. ही अट करारातच लिहून ठेवावी, कारण ती बहुतेक भाडेकरूंना माहीत नसते.